आधी गिटार की आधी खोका

दानियल गावितच्या गिटारीत काहीतरी बिघाड होता, किंवा त्याच्या ॲम्पमध्ये होता, किंवा दोन्हींत होता, आणि या घोळापायी त्याच्या घरात भातलावणीपासून कापणीपर्यंत कुणाला धड जेवू दिलं गेलं नव्हतं.

त्याचं गाव नवापूरच्या पलीकडच्या डोंगरात, जिथं गुजरातची हद्द कुणाच्या तरी शेताच्या बांधावरून निघून जाते तिथं. गावाला पत्र्याचं चर्च आहे आणि चर्चला गाण्याची भारी हौस. दर रविवारी उपासनेत जोसेफ ढोलक धरायचा आणि दानियल इलेक्ट्रिक गिटार. गिटार सुरतेहून कुणाची तरी वापरलेली आणली होती. तिच्या खुंट्या तिसऱ्या कडव्यापर्यंत कशाबशा दम धरायच्या आणि मग एकेक करून मान टाकायच्या. ॲम्पला गावात सगळे खोका म्हणत, आणि तो होताही तसाच. आतला स्पीकरचा कागद फाटला होता, त्यावर दानियलच्या बायकोनं, ग्रेसीनं, शाळेच्या वहीचं पान डिंकानं चिकटवलं होतं. खोका चालू केला की आधी घरघर यायची, मग सुरांबरोबर घरघर यायची, आणि सूर थांबले तरी घरघर हट्टी पाहुण्यासारखी बसून राहायची. लाइटवाल्यानं अर्थिंगचा दोष असेल म्हणून चर्चच्या मागं खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा भरून पाहिला. घरघरीला काही फरक पडला नाही.

आता अशा आवाजाला देवानं वर्षानुवर्षं सहन केलं असतं, पण अब्राहाम आबांनी केलं नाही. अब्राहाम आबा म्हणजे चर्चमध्ये गाणं सांगणारे. ते पहिली ओळ उचलणार, मग बाकीची मंडळी. आणि ते ग्रेसीचे वडील, म्हणजे दानियलचे सासरे. घरातलं सगळं बोलणं मावची बोलीतलं, पण इथं मराठीत सांगायचं तर ते एका रविवारी सगळ्यांसमोर म्हणाले, "जावई, नाताळापर्यंत ही घरघर गेली नाही, तर गिटार घरी ठेवायची. आपल्याला ढोलक पुरे."

दानियलला ते फार लागलं. लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि या माणसानं त्याच्या वाजवण्याबद्दल एकदाही बरा शब्द काढला नव्हता. 'कमी कर' एवढंच म्हणायचे, तेही हातानं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर दानियलनं कानाआड केलं असतं. पण आबांनी गाणं उचललं की त्याच्या अंगावर काटा यायचा, आणि अशा माणसानं आपल्याला एकदा तरी 'छान' म्हणावं, ही त्याची इच्छा इतकी मोठी होती की ती तो ग्रेसीलाही नीट सांगू शकला नव्हता. म्हणून नाताळच्या आत आवाज सुधारायचाच होता. भातगिरणीवर जास्तीचं काम करून त्यानं चार पैसे गाठीला जमवले होते, पण त्यात एकच काहीतरी येणार होतं. नवी गिटार, नाहीतर नवा ॲम्प.

"गिटारच," दानियल म्हणायचा. "वाजवतो मी ती. हातात ती असते."

"आणि आवाज कशातून येतो?" ग्रेसी विचारायची. "नवी म्हैस आणशील आणि दूध गळक्या बादलीत काढशील?"

"मग काय नवी बादली आणून भाकड म्हशीखाली धरू?"

हे म्हैस-बादलीचं भांडण विहिरीवरून गावात गेलं आणि गावाचे दोन तट पडले. ज्यांनी जन्मात गिटारीला बोट लावलं नव्हतं तेही छातीठोकपणे मत द्यायला लागले. ढोलकवाला जोसेफ कुठल्याच तटात नव्हता. त्याचं म्हणणं, दानियलनं आधी नखं कापावीत.

शेवटी दानियल नवापूरला रिषभच्या दुकानात गेला. रिषभचे आजोबा मारवाडातून आले, वडील केवलचंद भाताचे व्यापारी, आणि रिषभनं मात्र टीव्ही, मोबाईल, लग्नातले दिवे आणि गाण्याबजावण्याचं सामान असं चकचकीत दुकान टाकलं होतं. गिऱ्हाइकाशी तो हटकून अहिराणीत बोलायचा, त्यानं माल लवकर जातो असा त्याचा अनुभव होता. त्यानं एक लालभडक गिटार काढली, ती एका काळ्याभोर ॲम्पला जोडली आणि दानियलच्या हातात दिली. दानियलनं एक तार छेडली आणि लगेच परत छेडली. इतका स्वच्छ आवाज आपल्या बोटातून निघतो हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"आते सांग," रिषभ म्हणाला.

"यातलं चांगलं कोणतं शे? गिटार का ॲम्प?" दानियलनं विचारलं.

"दोन्ही."

"एकेक लाई देखू दे ना. मन्ही गिटार उद्या आनस, ती या ॲम्पले लावू."

रिषभनं डोळ्याची पापणी न लववता सांगितलं, "नही भाऊ. जोडी तोडी का वॉरंटी गयी."

दानियल गेला होता तसाच परत आला, फक्त आता त्याला दोन्ही हवं होतं.

अशात हंगामाचा सण आला. कापणी झाली की गावातलं प्रत्येक घर आपल्या पहिल्या पिकातलं काहीतरी चर्चमध्ये आणतं. वेदीपुढच्या लांब टेबलावर ते मांडतात, पाळक त्यावर प्रार्थना करतात, आणि उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव होतो. एकदा प्रार्थना झाली की वस्तू देवाची. मग ती घ्यायची तर बोली लावूनच. आणि ज्यानं दिली त्यानंच बोली लावणं म्हणजे उजव्या हातानं देऊन डाव्यानं काढून घेणं. तसं कुणी करत नाही. बाकी हौसेला मोल नसतं. मागच्या वर्षी एका अंड्यावरून दोन व्याह्यांत अशी चुरस लागली होती की त्या भावात कोंबड्यांचा कळप आला असता.

टेबल मांडायचं काम मार्था मावशींचं. मावशी चर्चच्या बांधकामापासूनच्या. त्यांना आता दिसायचं कमी, पण टेबलाला दुसऱ्या कुणी हात लावलेला चालायचा नाही. त्या रविवारी टेबल नुसतं ओसंडत होतं. नवा तांदूळ, नागली, तुरीच्या शेंगा, पपया, भोपळे, पाय बांधलेले दोन कोंबडे. जोसेफनं तर बोकड आणला होता. दानियलनं पहिलं गीत वाजवलं, गिटार टेबलाच्या कडेला टेकवून ठेवली, आणि तेवढ्यात बोकडानं दावं तोडलं. बोकड बाकांमधून दाराकडे, त्याच्यामागं जोसेफ, जोसेफच्या मागं दानियल. चर्चच्या मागच्या नाल्यात त्यांनी त्याला गाठलं, तेव्हा दोघांच्या सदऱ्यांची पार दशा झाली होती.

दानियल दारातून आत आला तेव्हा सगळे डोळे मिटून उभे होते आणि पाळक म्हणत होते, "...आणि हे सर्व, प्रभू, जे तुझंच आहे ते तुला अर्पण."

दानियलनंही डोळे मिटले. "आमेन," मंडळी म्हणाली.

दानियलनं डोळे उघडले. टेबलाच्या मधोमध, दोन भोपळ्यांच्या आधारानं, त्याची गिटार आडवी निजली होती. गळ्यात झेंडूचा हार. पोटावर तुरीच्या शेंगा. मार्था मावशींनी टेबलाला टेकलेली वस्तू टेबलाची समजून वर घेतली होती आणि मनापासून सजवली होती.

त्यानं तोंड उघडलं. पण पाळक आधी बोलले. "बंधूंनो, आपण भोपळे आणतो. आज एका तरुणानं आपल्या जिवाचा तुकडा आणला आहे." बायकांच्या बाजूनं हुंदका आला. ग्रेसी नवऱ्याकडे बघत राहिली, कौतुकानं की हसू दाबत, ते पदराआड कळेना. मार्था मावशी डोळे पुसत होत्या. आणि मग अब्राहाम आबा आपल्या जागेवरून उठले, सगळ्या चर्चसमोर चालत आले आणि त्यांनी जावयाला मिठी मारली.

दोन वर्षांत पहिली मिठी. दानियलनंही त्यांना घट्ट धरलं. त्यानं ठरवलं, गेली तर गेली गिटार.

मग आबा त्याच्या कानात कुजबुजले. आबांचं कुजबुजणं म्हणजे दुसऱ्याचं ओरडणं, नशीब की तेवढ्यात बायकांनी गीत सुरू केलं. "गप राहा," आबा म्हणाले. "वायर अजून लोंबतेय तिची. देणारा माणूस वायरीसकट देत नाही, मला कळतं. पण टेबल मार्थानं मांडलंय. चारचौघांत तिचं तोंड पाडू नको."

दानियलनं मान डोलावली. मिठी मार्था मावशींसाठी होती, हे कळून त्याला कसंसंच झालं.

लिलाव पुकारायला दरवर्षी चुडामण येतो. तो नंदुरबारच्या मिरची बाजारात पुकारा करणारा माणूस, धर्मानं हिंदू, पण या लिलावाचं आमंत्रण त्यानं कधी चुकवलेलं नाही. भोपळे गेले, कोंबडे गेले, बोकड चढ्या भावात गेला. मग चुडामणनं गिटार डोक्यावर धरली.

"हाई देखा! वावरमा उगनारी नही, पानी देनं नही, खत देनं नही! बोला भाऊ, कोनी बोली?"

केवलचंद शेठ दरवर्षी तांदळासाठी यायचे, त्यांच्याबरोबर रिषभही आला होता. त्यानं गंमत म्हणून पहिली बोली लावली. दानियल गर्दीतून पुढं सरकला. एवढे दिवस तो हीच गिटार टाकायला निघाला होता. आता ती दुसऱ्याच्या हातात जाणार म्हटल्यावर तिच्या प्रत्येक ढिल्या खुंटीवर त्याचं प्रेम उतू चाललं होतं.

आणि आबांनी हात वर केला.

आवारात आनंदाची लाट उठली. सासरा जावयाची गिटार सोडवतोय! रिषभनं एकदा वाढवली, आबांनी वाढवली. रिषभ हात जोडून मागं सरला. चुडामणनं आबांची बोली पुन्हा पुकारली, तर आबांनी ती आणखी वाढवली. चुडामणनं ती पुकारली. आबांनी परत हात वर केला.

"आबा," चुडामण म्हणाला, "तुमना वर कोनी नही आते! तुम्हीच तुमना वर चढी ऱ्हायनात!"

आबांनी मान डोलावली आणि हात वर केला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. असं दिलदार देणं गावानं पाहिलं नव्हतं. शेवटी चुडामणलाच दया आली आणि त्यानं घाईघाईनं तीनदा पुकारून सौदा पक्का केला. आबांनी गिटार घेतली, हार काढून मार्था मावशींच्या हातात दिला. दानियल पुढं झाला, दोन्ही हात पुढं करून, चेहऱ्यावर जावयाला शोभेल असा संकोच आणून.

आबांनी गिटार खांद्याला अडकवली आणि ते घराकडे चालू लागले.

त्या दिवशी दानियलला वाटलं, पुसूनबिसून देतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, ग्रेसीच्या हाती पाठवतील. आठवडा गेला. पुढच्या रविवारी गिटारीविना उपासना झाली आणि आबांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ग्रेसी माहेरी जाऊन विचारून आली. "आबा म्हणतात, मी विकत घेतलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांची आहे."

दानियल भडकला. आता त्याला सगळं स्वच्छ दिसलं. घरघर बंद करायचा सोपा रस्ता म्हाताऱ्यानं शोधला होता. देवाच्या आवारात, सगळ्यांच्या टाळ्या घेऊन, जावयाचं तोंड कायमचं बंद केलं होतं. "ठीक आहे," तो म्हणाला. "माझा तर घोळच मिटला. खोका आहे, गिटार नाही. आजच जाऊन ती लाल गिटार आणतो आणि नाताळला त्यांच्या कानाशी बसून वाजवतो."

ग्रेसी म्हणाली, "आधी एकदा तोंडावर विचार. मागून भांडायला मी मध्ये पडणार नाही."

नवापूरच्या जीपसाठी फाट्यावर जायचं तर आबांचं घर वाटेतच. दानियल अंगणात शिरला तो भांडायच्या तयारीनंच. आबा त्याच्याकडे पाठ करून खाटेवर बसले होते. गिटार मांडीवर उभी धरली होती, हनुवटी तिच्या लाकडावर घट्ट दाबली होती, आणि अंगठ्यानं ते एकेक तार ओढत होते. नाताळचं जुनं गीत होतं. मोडकंतोडकं, पण सूर बरोबर शोधत होते.

"मामा," दानियल म्हणाला.

उत्तर नाही.

"मामा, बोलायचंय."

आबांनी तार ओढली आणि डोळे मिटले. दानियल त्यांच्या पाठीशी येऊन उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "मामा!" अंगणातली कोंबडी उडाली. आबा हलले नाहीत.

तेव्हा दानियलच्या ध्यानात आलं. लिलावातला तो वर-वर जाणारा हात. कानात फुटलेलं ते कुजबुजणं. त्याचा राग जागच्या जागी विरला. तो वळसा घालून समोर जाऊन उभा राहिला. आबा दचकले, चोरी पकडल्यासारखी गिटार बाजूला ठेवायला लागले.

"कधीपासून?" दानियलनं ओठ मोठे करून विचारलं.

आबांनी गिटार परत मांडीवर ओढली. मग म्हणाले, "बारीक सूर आधी गेले. पाखरं गेली. मग बायकांचे आवाज. तोंडाकडे बघून चालवून घेतो." त्यांनी गिटारीवरून हात फिरवला. "तुझ्या खोक्यातली घरघर तेवढी यायची मला. सूर नाहीत, नुसती घरघर. मला वाटायचं, हा पोरगा दोन वर्षं घरघरच वाजवतोय आणि लोक कसं ऐकून घेतात?"

दानियलला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"सणाच्या दिवशी, तू बोकडामागं पळालास तेव्हा टेबलापाशी गेलो, हात हिला लागला. मार्था कोंबडा सरकवत होती, त्याचा पंख तारांवर आपटला. हाताच्या हाडातून वर आलं बघ. सूर! म्हटलं, ही सोडायची नाही." मग ते एकदम घाबरल्यासारखे झाले. "कुणाला सांगू नको. गाणं सांगणाऱ्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर मला मागच्या बाकावर बसवतील. ग्रेसीलाही नको."

"मशीन मिळतं कानाचं. नंदुरबारला जाऊ."

"जाऊ. नाताळ होऊ दे. मशीन लोकांना दिसतं."

दानियल त्यांच्या शेजारी खाटेवर बसला. त्यानं गिटार मांडीवर घेतली, खुंट्या पिळल्या, आणि आबांनी काही न विचारता वाकून आपली हनुवटी तिच्या वरच्या कडेला टेकवली. दोघांची डोकी एकमेकांना लागली. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर सासरा-जावई मिळून गिटार खाताहेत असं वाटलं असतं. दानियलनं तेच गीत वाजवलं, रविवारी वाजवायचा तसंच, सगळी कडवी.

"थांब," मध्येच आबा म्हणाले. "दुसऱ्या कडव्याला हे काय केलंस? खाली उतरून परत वर?"

"हे मी आधीपासून करतो, मामा. दर नाताळला."

आबांनी हनुवटी उचलली नाही. "छान आहे रे," ते लाकडातच बोलले. "फार छान आहे. परत वाजव."

दानियलनं परत वाजवलं, आणि एक सूर चुकला तेव्हा खुंट्यांना दोष दिला.

त्या दिवशी जीप चुकली. दुसऱ्या दिवशी तो रिषभच्या दुकानात गेला. रिषभनं हसत हसत लाल गिटार खाली काढली.

"ती ठेव," दानियल म्हणाला. "गिटार मन्हा मामांनी शे. मले ॲम्प देखाड."

रिषभनं काळाभोर ॲम्प पुढं सरकवला. दानियलनं तो जमिनीवर ठेवला, फडक्यानं पुसला आणि त्यावर बसला.

"हाई काय करी ऱ्हायना?"

"तू वाजव."

रिषभनं वेड्याकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत तार छेडली. दानियलनं कानांत बोटं घातली आणि डोळे मिटले. मग मान हलवून तो उठला. "पाठमा येस नही. मोठा देखाड."

दुकानातल्या सगळ्या ॲम्पवर तो बसला. एकावर पाय जमिनीला पोचेनात, एकाचा पत्रा बोचत होता, एक भपकेबाज होता पण बसल्यावर मुका वाटला. केवलचंद शेठ आतून येऊन बघून परत आत गेले. शेवटी कोपऱ्यातला एक निघाला, लाकडी, रुंद, दिसायला ओबडधोबड. त्यावर बसल्यावर पहिल्याच तारेला सूर माकडहाडापासून कवटीपर्यंत चढत गेला. बारीक तारसुद्धा. दानियलनं कानांतली बोटं काढली.

"हाऊच दे," तो म्हणाला.

नाताळच्या सकाळी अब्राहाम आबांनी बसून गाणं सांगितलं. गुडघे दुखतात म्हणून जावयानं त्यांना नव्या खोक्यावर बसवलं असं सगळ्यांना वाटलं, आणि मार्था मावशींनी त्यावर उशीही आणून ठेवली, ती आबांनी हळूच काढून टाकली. त्यांनी पहिली ओळ उचलली, मंडळीनं धरली, दानियलनं गिटार धरली. गिटार आबांची होती, उपासनेपुरती त्यांनी त्याला दिली होती. दोन वर्षांच्या सवयीनं त्यानं आवाज अगदी हळू ठेवला होता. पहिलं कडवं संपलं तसं आबांनी मागं न बघता टाचेनं खोक्यावर ठोकलं आणि हाताचा तळवा वर, आणखी वर केला.

दानियलनं आवाज वाढवला.